शब्दसाखळीचे अल्पायुष्य : ‘चेन रिअ‍ॅक्शन’ (१९८०) या दूरचित्रवाणी शब्दखेळाचा भाषिक व माध्यमविषयक विचार

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच दीर्घकाळ चाललेल्या कार्यक्रमांकडे जाते. जे कार्यक्रम काही महिन्यांतच बंद पडले, त्यांची नोंद एखाद्या यादीतील ओळीपुरती उरते व त्या ओळीपुढे ‘अयशस्वी’ हा शेरा न लिहिताही वाचला जातो. जनसंज्ञापन हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थिरावल्यानंतर आपले विद्यार्थीही कार्यक्रमाचे मूल्य त्याच्या आयुष्यावरून व प्रेक्षकसंख्येवरून ठरवू लागले आहेत. हा निकष कितपत विश्वासार्ह आहे, हे एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

त्यासाठी निवडलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. १४ जानेवारी १९८० रोजी एनबीसी या प्रसारण जाळ्यावर ‘चेन रिअ‍ॅक्शन’ नावाचा शब्द ओळखण्याचा खेळ दिवसाच्या वेळापत्रकात सुरू झाला आणि २० जून १९८० रोजी तो बंद झाला. सोमवार ते शुक्रवार चालणाऱ्या या कार्यक्रमाला अवघे तेवीस आठवड्यांचे आयुष्य लाभले. तथापि, या खेळाची मूळ रचना पुढील चार दशकांत पुन:पुन्हा पडद्यावर आली. कार्यक्रम अल्पायुषी आणि त्याची रचना दीर्घायुषी, हा विरोधाभास कसा निर्माण झाला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना कार्यक्रम, रचना व रचनेमागील भाषिक तत्त्व हे तीन स्तर वेगळे करावे लागतात.

दिवसाचे प्रसारण आणि शब्दखेळांची परंपरा

१९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनचे प्रसारण १९८० पर्यंत मुख्यत: संध्याकाळचे होते. त्यामुळे ‘दिवसाचे कार्यक्रम’ ही संकल्पना आपल्याकडे उशिरा रुजली. अमेरिकेत मात्र सकाळ व दुपार हे व्यापारी प्रसारणाचे महत्त्वाचे क्षेत्र होते. या वेळेतील प्रेक्षकवर्गात घरी असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मोठे मानले जाई आणि जाहिरातदार त्याच हिशेबाने वेळ विकत घेत. दैनंदिन मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले, तेही साबण उत्पादकांच्या प्रायोजकत्वामुळेच.

या वेळापत्रकात मालिकांच्या जोडीने खेळांच्या कार्यक्रमांना स्थान होते. त्याचे कारण आर्थिक होते. एकच मंच, एक सूत्रसंचालक, मोजके स्पर्धक आणि एका दिवसात अनेक भागांचे ध्वनिचित्रमुद्रण यांमुळे खर्च मर्यादित राही. त्यातही शब्दखेळ सर्वांत स्वस्त. कारण त्याचा कच्चा माल म्हणजे भाषा, आणि ती प्रेक्षकाच्या घरी आधीच उपलब्ध असते. प्रेक्षक स्वयंपाकघरातूनही उत्तर ओरडून सांगू शकतो. शब्दखेळाच्या लोकप्रियतेचे हेच मर्म होय.

या परंपरेचा ठळक आरंभ म्हणून ‘पासवर्ड’ या कार्यक्रमाचा निर्देश करता येईल. २ ऑक्टोबर १९६१ रोजी सीबीएसवर तो सुरू झाला. एका जोडीदाराने एकाच शब्दाचा इशारा द्यायचा व दुसऱ्याने मूळ शब्द ओळखायचा, एवढाच तो खेळ होता. त्याची कल्पना बॉब स्टुअर्ट यांची. पुढे स्वतंत्र निर्माते झाल्यावर त्यांनी १९७३ मध्ये ‘पिरॅमिड’ मालिकेतील पहिला कार्यक्रम दिला. तीत एका समूहात मोडणारे शब्द वर्णनावरून ओळखायचे असत. ६ जानेवारी १९७५ रोजी मर्व्ह ग्रिफिन यांचा ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ एनबीसीच्या सकाळच्या वेळेत सुरू झाला. ‘चेन रिअ‍ॅक्शन’ हा बॉब स्टुअर्ट यांच्याच निर्मितिसंस्थेचा कार्यक्रम होता व त्याचे सूत्रसंचालन बिल कलन यांच्याकडे होते. थोडक्यात, हा नवख्या हातांनी केलेला प्रयोग नव्हता. शब्दखेळाच्या क्षेत्रातील दोन सर्वांत अनुभवी व्यक्ती त्यामागे होत्या, ही बाब पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

खेळाची रचना

खेळात तिघा-तिघांचे दोन संघ असत. प्रत्येक संघात एक सामान्य स्पर्धक व दोन प्रसिद्ध व्यक्ती असत. फलकावर आठ शब्दांची एक उभी साखळी असे. तिचा पहिला व शेवटचा शब्द आरंभीच दाखवला जाई व मधले सहा शब्द झाकलेले असत. प्रत्येक शब्दाचा त्याच्या वरच्या व खालच्या शब्दाशी संबंध असे. ज्या संघाची पाळी असेल त्याचा खेळाडू उघड झालेल्या शब्दाच्या खालचे किंवा वरचे एक अक्षर मागे व त्यावरून शब्द ओळखण्याचा प्रयत्न करी. अंदाज चुकला की संधी प्रतिस्पर्ध्याकडे जाई. अचूक उत्तराला शब्दातील अक्षरसंख्येवर आधारित गुण मिळत.

ही रचना स्पष्ट व्हावी म्हणून, मूळ कार्यक्रमातील नव्हे तर प्रस्तुत लेखासाठी तयार केलेली, एक साखळी पाहू. तिच्यातील इंग्रजी शब्द मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचे आहेत :

हाउस – बोट – रेस – ट्रॅक – सूट – केस – स्टडी – रूम

येथे ‘हाउसबोट’, ‘बोट रेस’, ‘रेसट्रॅक’, ‘ट्रॅकसूट’, ‘सूटकेस’, ‘केस स्टडी’ व ‘स्टडी रूम’ असे सात जोड तयार होतात. खेळाडूला आरंभी केवळ ‘हाउस’ व ‘रूम’ दिसतात. त्याने ‘हाउस’च्या खालचे अक्षर मागितले व ‘बी’ मिळाले, तर ‘बोट’ आणि ‘बॉय’ असे किमान दोन पर्याय लगेच सुचतात. त्याने ‘रूम’च्या वरचे अक्षर मागितले व ‘एस’ मिळाले, तर ‘स्टडी’, ‘स्टोअर’, ‘शो’, ‘स्टाफ’ असे अनेक शब्द समोर उभे राहतात. (प्राध्यापकवर्गाचा पहिला अंदाज कोणता असेल, हे सांगण्याची गरज नाही.) म्हणजे कोणत्या बाजूने साखळी सोडवायची हाही एक निर्णय असतो आणि मागितलेले प्रत्येक अक्षर आपल्याबरोबर प्रतिस्पर्ध्यालाही उपयोगी पडते. अज्ञान कमी करण्याची किंमत येथे दोन्ही पक्षांना मोजावी लागते.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. ‘सूटकेस’मधील ‘केस’ ही पेटी आहे, तर ‘केस स्टडी’मधील ‘केस’ म्हणजे एखादे प्रकरण. साखळीतील शब्द वरच्या शेजाऱ्याशी एका अर्थाने व खालच्या शेजाऱ्याशी दुसऱ्या अर्थाने जोडलेला असू शकतो. ज्याला शब्दाचा एकच अर्थ पक्का ठाऊक आहे, तो साखळीत अडकतो. शब्दाच्या अर्थांमधून सहज ये-जा करता येणे हे या खेळातील खरे कौशल्य होय.

अंदाजामागील भाषिक तत्त्व

हा खेळ शब्दकोशातील अर्थज्ञानाची परीक्षा घेत नाही. ‘रेस’ व ‘ट्रॅक’ या दोन्ही शब्दांचे अर्थ माहीत असणाऱ्यालाही एकावरून दुसरा सुचेलच असे नाही. तो सुचण्यासाठी हे शब्द एकत्र येताना अनेकदा ऐकलेले असावे लागतात. ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात मांडलेली सहप्रयोगाची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. शब्दाच्या अर्थाचा एक भाग तो नेहमी कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो यात असतो, असे तिचे सार सांगता येईल. मराठीत भूक लागते, आग लागते, नाद लागतो आणि पैजही लागते. या ठिकाणी ‘लागणे’ हेच क्रियापद का, याचे उत्तर कोशात मिळत नाही. ते भाषिक समूहाच्या सवयीत असते. शब्दसाखळीचा खेळ हीच सामूहिक सवय फलकावर मांडतो.

दुसरे तत्त्व माहितीशास्त्रातील आहे. क्लॉड शॅनन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात छापील इंग्रजीच्या पूर्वानुमेयतेचा विचार केला. अपरिचित मजकुरातील पुढचे अक्षर कोणते असेल याचा अंदाज व्यक्तीला करावयास लावणे, ही त्यांची पद्धती. पुरेसा मागील संदर्भ उपलब्ध असल्यास इंग्रजी मजकुराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अतिरिक्त, म्हणजे आधीच्या मजकुरावरून अंदाज बांधता येण्याजोगा असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी उताऱ्यातील ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून ते वाचकाकडून भरून घेण्याची व त्यावरून उताऱ्याची वाचनसुलभता मोजण्याची पद्धती मांडली. आज भाषा-अध्यापनात ती सर्वपरिचित आहे.

‘चेन रिअ‍ॅक्शन’ची रचना या दोन पद्धतींच्या सीमेवर उभी आहे. शेजारचा शब्द संदर्भ पुरवतो व मागितलेले अक्षर पर्याय कमी करते. निर्मात्यांनी हे निबंध वाचून खेळ रचला, असा दावा येथे करावयाचा नाही. प्रयोगशाळेत मोजली गेलेली क्षमता आणि दिवाणखान्यात मनोरंजनासाठी वापरली गेलेली क्षमता एकच आहे, एवढेच येथे सूचित करावयाचे आहे.

प्रश्नरचनेची फेरी

विजेत्या संघासाठी एक अंतिम फेरी असे. तीत संघातील दोघांनी आळीपाळीने एकेक शब्द उच्चारून प्रश्न तयार करायचा व तिसऱ्या साथीदाराने त्याचे उत्तर ओळखायचे. दोघांनाही उत्तर माहीत असते. परंतु वाक्य कोणा एकाच्या मालकीचे नसते. पहिल्याने उच्चारलेला शब्द दुसऱ्याच्या मनातील वाक्याला बसेलच असे नाही. त्यामुळे आपले वाक्य सोडून साथीदाराच्या वाक्यात क्षणार्धात शिरावे लागते.

येथे भाषेच्या वाक्यरचनेचा प्रभाव स्पष्ट दिसतो. इंग्रजी प्रश्नात प्रश्नवाचक शब्द सामान्यत: आरंभी येतो. परिणामी पहिल्याच शब्दाने प्रश्नाचा प्रकार निश्चित होतो व पुढील जागा बऱ्याच अंशी ठरून जातात. मराठीत हाच खेळ खेळल्यास ‘पावसात – डोक्यावर – काय – धरतात’ असा क्रम येईल आणि ‘काय’ हा शब्द उच्चारला जाण्यापूर्वीच तिसरा गडी ‘छत्री’ म्हणून मोकळा होईल. इंग्रजीत आधी प्रश्नाचा साचा कळतो व मग आशय. मराठीत बहुधा आशय आधी येतो. एकाच खेळातून दोन भाषांच्या वाक्यरचनेतील भेद वर्गात इतक्या सहज दाखवता येणे, ही गोष्ट अध्यापकाला मोलाची वाटावी.

कार्यक्रम का थांबला?

१९८० च्या पूर्वार्धात एनबीसीचे अध्यक्ष फ्रेड सिल्व्हरमन होते. डेव्हिड लेटरमन या तरुण विनोदकाराचा नव्वद मिनिटांचा सकाळचा कार्यक्रम सुरू करण्याचा निर्णय त्यांच्या कारकीर्दीत झाला. नव्वद मिनिटे म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन कार्यक्रमांची जागा. त्यानुसार २० जून १९८० या एकाच दिवशी ‘चेन रिअ‍ॅक्शन’, ‘हाय रोलर्स’ आणि ‘हॉलिवूड स्क्वेअर्स’ हे तीन खेळ बंद झाले. यांपैकी ‘हॉलिवूड स्क्वेअर्स’ १९६६ पासून, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे, चालू होता. पाच महिन्यांचा कार्यक्रम व चौदा वर्षांचा कार्यक्रम एकाच निर्णयाने एकाच दिवशी संपले. त्यामुळे आयुर्मानावरून गुणवत्ता ठरवणाऱ्याला या घटनेचे स्पष्टीकरण देणे कठीण जाईल.

पुढील घटनाक्रम अधिक बोलका आहे. लेटरमन यांचा कार्यक्रम २३ जून रोजी सुरू झाला. प्रेक्षकसंख्या अपेक्षेइतकी न जमल्याने तो नव्वदवरून साठ मिनिटांवर आणण्यात आला. त्याच वेळी ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ बंद करण्याचा निर्णयही झाला होता. परंतु वेळापत्रकातील या बदलामुळे तो खेळ तगला. १९८३ मध्ये त्याची संध्याकाळची आवृत्ती सुरू झाली आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवरील सर्वांत दीर्घायुषी खेळांमध्ये तो गणला जाऊ लागला. एका शब्दखेळाचे जगणे व दुसऱ्याचे संपणे यांत असे वेळापत्रकातील अर्ध्या तासाचे अंतर होते.

लेटरमन यांचा सकाळचा कार्यक्रम २४ ऑक्टोबर १९८० रोजी संपला. तो अठरा आठवडे चालला, म्हणजे ज्याला बाजूला सारून तो आला त्या ‘चेन रिअ‍ॅक्शन’पेक्षाही कमी. तरीही तो कार्यक्रम वाया गेला असे म्हणता येणार नाही. त्याला दिवसाच्या कार्यक्रमांसाठीचे एमी पुरस्कार मिळाले आणि १९८२ मध्ये रात्री उशिराच्या वेळेत लेटरमन यांनी त्याच शैलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. २७ ऑक्टोबर १९८० रोजी एनबीसीच्या सकाळच्या वेळापत्रकात ‘ब्लॉकबस्टर्स’ हा नवा खेळ आला. त्यात उत्तराचे पहिले अक्षर दिलेले असे व प्रश्नावरून शब्द ओळखायचा असे. त्याचे सूत्रसंचालक होते बिल कलन. शब्दखेळ नको म्हणून मोकळी केलेली जागा चार महिन्यांनी पुन्हा शब्दखेळाकडे आणि त्याच सूत्रसंचालकाकडे आली.

रचनेचे उत्तरायुष्य

‘चेन रिअ‍ॅक्शन’ची दोन अंगे पुढे वेगवेगळ्या मार्गांनी गेली. प्रश्नरचनेची फेरी स्वतंत्र करून बॉब स्टुअर्ट यांनी ‘गो’ हा कार्यक्रम उभारला. पाच-पाच जणांचे संघ असलेला हा खेळ एनबीसीवर ३ ऑक्टोबर १९८३ ते २० जानेवारी १९८४ एवढाच काळ चालला. शब्दसाखळी मात्र टिकली. १९८६ मध्ये यूएसए नेटवर्क या केबल वाहिनीसाठी तिची नवी आवृत्ती सुरू झाली. ती कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे चित्रित होई व १९९१ पर्यंत चालली. या आवृत्तीत प्रसिद्ध व्यक्तींना वगळण्यात आले. २००६, २०१५ व २०२१ मध्ये गेम शो नेटवर्कने तिचे पुनरुज्जीवन केले.

यावरून दोन गोष्टी दिसतात. रचना कार्यक्रमापासून वेगळी होऊन जगू शकते. परंतु प्रत्येक रचना जगतेच असे नाही. प्रश्नरचनेची फेरी काही मिनिटांपुरती उत्कंठावर्धक होती, तरी तिच्यात घरबसल्या प्रेक्षकाला काम नव्हते. उत्तर त्याला आधीच दिसत असल्यामुळे तो केवळ साक्षीदार राही. साखळीत मात्र प्रेक्षक स्वत:च खेळाडू होतो, कारण झाकलेला शब्द त्याच्यापासूनही झाकलेला असतो. शब्दसाखळीच्या टिकाऊपणाचे एक संभाव्य कारण येथे सापडते.

मराठी वर्गासाठी काही विचार

ही रचना मराठीत आणता येईल काय? पुढील साखळी पाहावी : पाणी – पुरवठा – विभाग – प्रमुख – पाहुणा – कलाकार. पाणीपुरवठा, पुरवठा विभाग, विभागप्रमुख, प्रमुख पाहुणा, पाहुणा कलाकार असे जोड सहज जुळतात. तथापि, दोन अडचणी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली लिपीची. रोमन लिपीतील अक्षर एकाच ध्वनिचिन्हाइतके असते, तर देवनागरी अक्षरात व्यंजन व स्वर एकत्र असतात. जोडाक्षर असल्यास एकाहून अधिक व्यंजने येतात. ‘प्रमुख’ची सूचना म्हणून ‘प्र’ दिले की अर्धे कोडे सुटते. म्हणून आधी केवळ ‘प’ व नंतर उरलेली चिन्हे, अशी पायरी-पायरीने सूचना द्यावी लागेल. दुसरी अडचण रूपबदलाची. ‘फूल’ स्वतंत्रपणे दीर्घ, पण ‘फुलपाखरू’मध्ये ऱ्हस्व, ‘आंबा’ ‘आमराई’त ‘आम’ होतो, ‘पाणी’ ‘पाणवठ्या’त ‘पाण’ होते. दोन्ही शेजाऱ्यांशी एकाच रूपात जुळणारे शब्द मराठीत निवडूनच घ्यावे लागतात.

या अडचणी म्हणजेच अध्यापनाच्या संधी होत. समास, शुद्धलेखन व सहप्रयोग हे तीन घटक एका फळ्यावर एकत्र येतात आणि विद्यार्थ्यांनी स्वत: साखळ्या रचल्यास शब्द ‘माहीत असणे’ व ‘वापरात असणे’ यांतील भेद त्यांच्या लक्षात येतो.

समारोप

वरील विवेचनातून असे म्हणता येईल की, ‘चेन रिअ‍ॅक्शन’ बंद पडणे हा त्यातील खेळाविषयीचा निवाडा नव्हता. तो वेळापत्रकाविषयीचा निर्णय होता आणि त्या निर्णयाचा हेतूही चार महिन्यांत फसला. कार्यक्रमाचे आयुष्य जाहिरात, स्पर्धा व व्यवस्थापकांची धोरणे ठरवतात. रचनेचे आयुष्य प्रेक्षकाच्या सहभागावर अवलंबून असते. त्याखालचे भाषिक तत्त्व मात्र यांपैकी कोणाच्याही हाती नसते. ते बोलणाऱ्या समूहाच्या जिभेवर असते. माध्यमांच्या अभ्यासात या तीन स्तरांची गल्लत झाली, तर जे काही आठवड्यांत दिसेनासे झाले ते अभ्यासण्याजोगे नव्हतेच, असा सोयीस्कर समज दृढ होईल. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय सुचवताना दीर्घायुषी कार्यक्रमांबरोबरच अशा एखाद्या अल्पायुषी कार्यक्रमाचाही विचार व्हावा. तो का चालला नाही, या प्रश्नासोबत त्यातले काय उरले हाही प्रश्न विचारला जावा. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकांच्या नोंदींत मिळत नाही. त्यासाठी खेळ खेळून पाहावा लागतो.